मोटरहोममागे बांधायला जुनी ऑफ-रोड पिकअप घेताना: पहिल्या आकड्यापासून पहिल्या दहा मैलांपर्यंत

मोटरहोम एकदा कॅम्पग्राउंडवर लागली की तिचं घर होतं. जॅक खाली, पाण्याची नळी जोडलेली, विजेची जाडजूड वायर खांबाला, पुढच्या काचेवर पडदा. मग संध्याकाळी लक्षात येतं की दूध संपलंय आणि दुकान सहा मैलांवर आहे. एका दुधाच्या कॅनसाठी सगळं आवरून तीस फुटी गाडी बाहेर काढायची म्हणजे अर्धा तास गेला. म्हणून अमेरिकेत मोटरहोमवाले मागे एक लहान गाडी बांधून नेतात. बैलगाडीमागे वासरू बांधलेलं असायचं, तसंच. इथे तिला 'टोड' म्हणतात. टोड म्हणजे बेडूक आणि टोड म्हणजे ओढलेली, दोन्हींचा उच्चार एकच. काही जण 'डिंगी'ही म्हणतात, मोठ्या जहाजामागच्या होडीवरून.

आता ही मागची गाडी साधी छोटी कार का नाही? शहरात फिरायचं असेल तर कारच घ्या. पण यूटामधल्या मोआबला जाऊन कॅनियनलँड्सच्या शेफर ट्रेलवर उतरायचं असेल, तर जमिनीपासून उंच आणि लो रेंज (सावकाश पण जास्त ताकदीने चालायचा गिअर) असलेली फोर-व्हील ड्राइव्हच लागते. ग्लेशिअर नॅशनल पार्कच्या 'गोइंग-टू-द-सन' रस्त्यावर मधल्या भागात २१ फुटांहून लांब गाडी चालत नाही. मोटरहोम खाली ठेवायची आणि पिकअप वर न्यायची. चिखलाचे बूट, सायकली, लाकडं, ओला तंबू मागच्या हौद्यात टाकता येतात, हा फायदा वेगळाच. आम्ही कोलोरॅडोत राहतो. सासू-सासरे उन्हाळ्यात सहा महिने येतात तेव्हा चौघांनी डोंगरात जायला अशीच गाडी हवी, हे आमचं आधीच ठरलं होतं.

नवी पिकअप महाग, म्हणून जुनी. जुनी ऑफ-रोड पिकअप घेताना एरवी जे पाहतात ते तर पाहायचंच, पण ती मागे ओढायची असल्यामुळे अजून काही गोष्टी पाहाव्या लागतात, आणि त्या विकणाऱ्याला बहुधा माहीत नसतात. आधीच्या मालकाने हौसेने केलेले बदल, म्हणजे लिफ्ट (गाडी उंच करणारी जोड), मोठे टायर, लोखंडी बंपर, हे जाहिरातीत किंमत वाढवतात. ओढायच्या गाडीत त्यातला जवळजवळ प्रत्येक बदल आपल्याला खर्चात टाकतो. हे डोक्यात ठेवून पुढे वाचा.

पायरी १: पिकअप बघायच्या आधी मोटरहोमचे आकडे लिहून काढा

तीन आकडे हवेत. पहिला जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे माणसं, पाणी, सामान धरून मोटरहोमचं जास्तीत जास्त वजन. दुसरा जीसीडब्ल्यूआर, म्हणजे मोटरहोम आणि मागची गाडी मिळून जास्तीत जास्त वजन. तिसरा मागच्या हिचची, म्हणजे टोड जिथे जोडतात त्या जोडणीची, क्षमता, जी हिचवरच्याच स्टिकरवर असते. पहिला आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर सापडतो, दुसरा चॅसिसच्या पुस्तिकेत.

उदाहरण घ्या. फोर्ड ई-४५० चॅसिसवरची क्लास सी, म्हणजे व्हॅनच्या तोंडाची, मोटरहोम रस्त्यावर भरपूर दिसते. तिचा जीव्हीडब्ल्यूआर १४,५०० पौंड आणि जीसीडब्ल्यूआर २२,००० पौंड. वजाबाकी केली तर ७,५०० पौंड उरतात, आणि वाटतं की कुठलीही पिकअप चालेल. पण हिचवर ५,००० लिहिलं असेल तर तुमची मर्यादा ५,०००च. सगळ्यात लहान आकडा जिंकतो. तो आकडा शोधताना हिच, टो बार (दोन गाड्या जोडणारा दांडा), मधला ड्रॉप रिसीव्हर (जोडणी खाली आणणारा तुकडा), सगळ्यांची क्षमता पाहा. फोर्ड एफ-५३ चॅसिसवरच्या १८,००० पौंडी क्लास ए, म्हणजे बससारख्या, गाड्यांत जीसीडब्ल्यूआर २३,००० असेल तर हिशेब थेट ५,०००वरच येतो.

मोटरहोमचं खरं वजन मात्र तराजूवरच कळतं. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्या तोलायचा काटा असतो. टाकी भरून, फ्रिज भरून, माणसं बसवून त्यावर गाडी चढवा. पाणी गॅलनला ८.३ पौंड भरतं. चाळीस गॅलनची टाकी म्हणजे सव्वातीनशे पौंडांहून जास्त, आणि त्यात तांदळाची पोती, कुकर, मिक्सर, चार जणांचं अंथरूण-पांघरूण धरलेलं नाही. आपल्या लोकांच्या गाड्या भरलेल्याच असतात, म्हणून कागदावरच्या रिकाम्या वजनावर विसंबू नका.

डोंगरात राहणाऱ्यांनी अजून एक लक्षात घ्यावं. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन उंचीवर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे पोचेपर्यंत इंजिनाची तिसरा हिस्सा ताकद गेलेली असते. मर्यादेला टेकलेलं वजन सपाटीवर चालून जातं, तिथे मात्र तीस मैलांच्या वेगाने ट्रकच्या रांगेत चढावं लागतं.

पायरी २: पुस्तिकेतलं ते एक पान

चारही चाकं जमिनीवर ठेवून गाडी ओढण्याला 'फ्लॅट टो' म्हणतात. कुठली गाडी अशी ओढता येते, हे तिच्या मालकासाठीच्या पुस्तिकेत 'रिक्रिएशनल टोइंग' या मथळ्याखाली लिहिलेलं असतं. हे पान पाहिल्याशिवाय एक डॉलरही आगाऊ देऊ नका.

मी हे इतक्या आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. आमची पहिली पसंती एका ऑटोमॅटिक टॅकोमाला होती. गाडी स्वच्छ, एकहाती वापरलेली, किंमत बसणारी. विक्रेता ठामपणे म्हणाला, "न्यूट्रलमध्ये टाका आणि ओढा, सगळे तसंच करतात." नवरा आगाऊ रकमेचं बोलत होता तेव्हा मी ग्लव्ह बॉक्समधली पुस्तिका काढली आणि पानं उलटत राहिले. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की ही गाडी चारही चाकांवर ओढण्यासाठी बनवलेली नाही. मी ते पान विक्रेत्यासमोर धरलं. त्याने ते वाचलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्याचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही, त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पण गिअरबॉक्स जळाला असता तो आमचा.

असं का होतं ते समजून घेतलं की पुढे कुणी फसवू शकत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. गाडी ओढताना इंजिन बंद असतं, पण रस्त्यावरची चाकं फिरतात आणि गिअरबॉक्सचा मागचा दांडा फिरवत राहतात. आत सुटे भाग गरागरा फिरताहेत आणि तेलाचा थेंब वर चढत नाही. शंभर-दोनशे मैलांत बेअरिंगं भाजून निघतात. गिअर लिव्हर न्यूट्रलवर असला तरी हे थांबत नाही.

खऱ्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असतो. काही गाड्यांत त्या ट्रान्सफर केसला स्वतःचा वेगळा न्यूट्रल असतो. तो लावला की चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंध तुटतो. चाकं फिरतात, गिअरबॉक्स स्वस्थ बसतो. तुम्ही शोधताय तो हाच न्यूट्रल. त्याच मॉडेलच्या टू-व्हील ड्राइव्ह गाडीत ट्रान्सफर केसच नसतो, म्हणून नाव तेच असलं तरी ती बाद. ड्राइव्हशाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) सोडवायची यंत्रणा बसवता येते, ट्रेलरवर चढवूनही नेता येतं. पण ट्रेलरचंच वजन दोनेक हजार पौंड, आणि कॅम्पग्राउंडवर तो ठेवायचा कुठे हा प्रश्न उरतोच.

पायरी ३: नावं

सगळ्यात सरळ निवड जीप ग्लॅडिएटर. ती २०२० च्या मॉडेलपासून मिळते, प्रत्येक ग्लॅडिएटर फोर-व्हील ड्राइव्हच असते, ट्रान्सफर केसला हाताने ओढायचा लिव्हर आणि त्यावर 'एन' असतो. कंपनीच फ्लॅट टोची परवानगी देते. लांबी २१८ इंच, म्हणजे अठरा फुटांहून थोडी जास्त, त्यामुळे ग्लेशिअरच्या मर्यादेत बसते. वजनाकडे मात्र लक्ष द्या. साधी स्पोर्ट ४,६५० पौंडांच्या आसपास, तर रुबिकॉन ५,००० च्या पुढे जाते. ५,००० च्या हिचवर रुबिकॉन बसत नाही, हे विकत घेतल्यानंतर कळलेली माणसं मी कॅम्पग्राउंडवर भेटलेय.

शेव्हरोले कोलोरॅडो आणि तिची बहीण जीएमसी कॅनियन यांच्या २०१५ ते २०२२ च्या पिढीत दोन-गती ट्रान्सफर केस आणि त्यात न्यूट्रल असलेल्या फोर-व्हील गाड्या मिळतात. फोर्डच्या फोर-व्हील एफ-१५० मध्ये आणि २०१९ नंतरच्या रेंजरमध्ये ट्रान्सफर केसचा न्यूट्रल बटणांच्या ठरावीक क्रमाने लागतो. एफ-१५० दणकट आहे, पण तिचं वजन आपल्या हिचच्या आकड्याशी ताडून पाहा. होंडा रिजलाइन फ्लॅट टोला चालत नाही. यादी पाठ करू नका. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक, गिअरबॉक्सागणिक नियम बदलतात, म्हणून जी गाडी समोर उभी आहे तिच्याच वर्षाची पुस्तिका वाचा. कंपन्यांच्या वेबसाइटवर ती फुकट मिळते.

घरात वडीलधारी माणसं असतील तर एक गोष्ट आधी करा: त्यांना बघायला घेऊन जा. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास. पहिल्या गाडीत चढताना त्यांनी दाराची चौकट धरली, एक पाय वर टाकला आणि तिथेच थांबल्या. "अगं, मला खालून कुणीतरी लोटायला हवं," म्हणाल्या. त्या दिवसापासून आमच्या यादीत चार दारांची केबिन, आत धरायला कडी आणि खाली पाय ठेवायला पायदान हे तिन्ही पक्के झाले. दगडांपासून वाचवणारा स्लायडर आणि चढायचं पायदान या वेगळ्या वस्तू आहेत. स्लायडर केबिनला चिकटून असतो, म्हाताऱ्या माणसाचं पाऊल त्यावर नीट बसत नाही.

पायरी ४: बदल केलेली गाडी मोजपट्टी घेऊन बघा

या पायरीवर सर्वांत जास्त पैसे वाचतात किंवा जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लिफ्टपासून सुरुवात करू. टो बार शक्य तितका आडवा, समपातळीत हवा. बनवणाऱ्यांच्या सूचनांत साधारण तीन ते चार इंचांचाच फरक चालवून घेतलेला असतो. कारण असं: ब्रेक लावला की मागची गाडी पुढे ढकलते. बार आडवा असेल तर धक्का सरळ हिचमध्ये जातो. तिरपा असेल तर तो धक्का वर-खाली फुटतो, मागची गाडी चढू पाहते आणि हिचवर भलताच ताण येतो. मोटरहोमचा रिसीव्हर (हिचची चौकोनी नळी) खाली, पिकअप मुळातच उंच, त्यात आधीच्या मालकाने चार इंचांची लिफ्ट टाकलेली. मग मध्ये ड्रॉप रिसीव्हर घालावा लागतो, आणि तो घातला की खालची जागा कमी होऊन पेट्रोल पंपाच्या उतारावर तो रस्त्याला घासू लागतो. म्हणून जाताना मोजपट्टी न्या. मोटरहोमच्या रिसीव्हरच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची घरीच लिहून ठेवा. पिकअपच्या पुढे जिथे बेसप्लेट (टो बार अडकवायची चॅसिसला बसणारी लोखंडी पट्टी) बसणार त्या चॅसिसच्या टोकाची उंची तिथे मोजा. फरक सहा-आठ इंच निघाला तर पुढची गाडी बघा.

लिफ्टचा दुसरा त्रास स्टिअरिंगमध्ये दिसतो. ग्लॅडिएटरसारख्या पुढे सलग अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांत लिफ्ट नीट बसवली नसेल किंवा ट्रॅक बारचे बुश ढिले असतील, तर एखाद्या खड्ड्यावरून गेल्यावर पुढची चाकं वेड्यासारखी डावी-उजवी थरथरू लागतात. याला इथे 'डेथ वॉबल' म्हणतात. स्वतः चालवत असाल तर हातात कळतं आणि तुम्ही वेग कमी करता. मागे ओढली जात असेल तर स्टिअरिंगवर कुणीच नसतं आणि पुढे बसलेल्या तुम्हाला ते आरशात दिसलं तरच दिसतं. मागे कॅमेरा हवा तो यासाठीही.

पस्तीस इंची मड-टेरेन टायर दिसायला रुबाबदार. पण ते जड असतात, आणि मोटरहोमचं पेट्रोलही जास्त पितात. चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले आहेत का पाहा. दोन नवे आणि दोन जुने असतील तर पुढच्या-मागच्या चाकांचा घेर बदलतो, आणि आधीच्या मालकाने गाडी तशीच फोर-व्हीलमध्ये पक्क्या रस्त्यावर चालवली असेल तर ट्रान्सफर केसने ते भोगलेलं असतं.

लोखंडी बंपर, विंच, छतावरचा तंबू, हौद्यातला रॅक या सगळ्यांनी मिळून पाचशे पौंड सहज वाढतात. पहिल्या पायरीत काढलेला आकडा इथे मोडतो. शिवाय बेसप्लेट ही कंपनीच्या मूळ बंपरच्या मापाने बनवलेली असते. लोखंडी बंपर असेल तर ती बसेलच असं नाही. बंपरवरचे मोठे लोखंडी कडे पाहून 'याच्यालाच टो बार बांधू' असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ते कडे चिखलातून एकदा खेचून काढण्यासाठी आहेत. हजारो मैलांची ओढ चॅसिसला बोल्टने घट्ट बसवलेल्या बेसप्लेटनेच घ्यायला हवी.

माझं मत सरळ आहे: पहिली टोड कंपनीतून आली तशीच, काही न बदललेली घ्या. बदल करायचे असतील तर एक मोसम ओढून झाल्यावर स्वतः करा.

एक अपवाद मात्र सोन्यासारखा. कधी कधी दुसरा मोटरहोमवालाच आपली टोड विकत असतो. पुढच्या जाळीखाली दोन खाचा किंवा कुलपाच्या टोपणाएवढी जोडणी आणि शेजारी गोल इलेक्ट्रिक सॉकेट दिसलं, तर बेसप्लेट आणि वायरिंग आधीच बसलेलं आहे असं समजा. यात दोनेक हजार डॉलर वाचू शकतात. फक्त एक प्रश्न विचारा: "ओढून किती मैल झाले?" बहुतेक गाड्यांत किल्ली बंद असताना ओडोमीटर पुढे सरकत नाही. मीटरवर तीस हजार मैल, पण टायर, चाकांची बेअरिंगं आणि ड्राइव्हशाफ्टचे सांधे साठ हजार मैल फिरलेले, असं असू शकतं. गाडी वाईट असते असं नाही. भाव त्या हिशेबाने करा.

पायरी ५: गाडीखाली शिरा

जुने कपडे, टॉर्च, एक लहान हातोडी. सकाळी जा, म्हणजे इंजिन थंड असतं.

गंज आधी पाहा. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्ककडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आमच्याकडे मॅग्नेशिअम क्लोराइडचं पाणी फवारतात. चॅसिसवर हातोडीने हलके ठोके द्या. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत. भदभद आवाज आला आणि खपल्या पडल्या तर उठा आणि घरी जा. हा धोका कल्पनेतला नाही: टोयोटाने २०१६ मध्ये टॅकोमासह तीन मॉडेलांच्या गंजणाऱ्या चॅसिसबद्दल सुमारे ३.४ अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली होती.

मग दगडांच्या खुणा. खालच्या संरक्षक पत्र्यावर ओरखडे असणारच, ऑफ-रोड गाडी आहे. पण वाकलेला कंट्रोल आर्म, चेपलेलं ट्रान्सफर केसचं कवच, चॅसिसच्या पोकळीत सुकून बसलेला चिखल, फाटलेले रबरी बूट हे वेगळं सांगतात. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं (अ‍ॅक्सलमधल्या गिअरपेटीचं) तेल मेकॅनिककडून थोडं काढून पाहा. तेल दुधाळ, ताकासारखं दिसलं तर गाडी ओढ्यात बुडाली आहे आणि आत पाणी गेलंय. मग किमतीत कितीही सूट मिळाली तरी घेऊ नका.

आता ट्रान्सफर केस. मोकळ्या मातीवर फोर-हाय आणि फोर-लो (फोर-व्हीलचा नेहमीचा आणि लो रेंज) दोन्ही लावून थोडं चालवा. त्यानंतर सपाट जागेवर मुख्य परीक्षा. ग्लॅडिएटरमध्ये ती अशी होते: ब्रेकवर पाय, गिअर न्यूट्रलला, मग ट्रान्सफर केसचा लिव्हर 'एन' वर. तो अडकत, कुरकुरत जात असेल तर लक्षात ठेवा. मग गिअर रिव्हर्सला टाका आणि ब्रेक हळूच सोडा. पाच सेकंद गाडी जागची हलता कामा नये. तेच ड्राइव्हमध्ये. इंजिन चालू आहे, गिअर लागलेला आहे आणि गाडी निश्चल उभी आहे, हे पहिल्यांदा पाहताना चमत्कारिक वाटतं. पण त्याचाच अर्थ संबंध तुटला.

इथे एक गंभीर धोका आहे. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असताना 'पार्क' गाडी धरून ठेवत नाही. गिअर पार्कवर आहे म्हणून हँडब्रेक न लावता उतरलात आणि जमीन थोडी जरी उतरती असली तर गाडी निघून जाईल. मुलांना त्या वेळी गाडीपुढे उभं राहू देऊ नका. हा नियम खरेदीच्या दिवशीही आणि पुढे प्रत्येक जोडणीलाही.

एवढं करूनही दीडशे-दोनशे डॉलर देऊन विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून गाडी तपासून घ्या. विक्रेता त्याला नकार देत असेल तर तेवढं उत्तर पुरे.

पायरी ६: कागद

व्हीआयएन हा सतरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक डॅशबोर्डवर, दारावर आणि टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, एकच आहे ना ते जुळवा. त्यावरून गाडीच्या इतिहासाचा कारफॅक्सचा अहवाल काढा. एनएचटीएसए या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या साइटवर तोच क्रमांक टाकून राहिलेले रिकॉल (कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणं) फुकट बघता येतात. मॅन्युअल गिअरच्या २०२० ते २०२३ मधल्या ग्लॅडिएटरसाठी क्लचची प्रेशर प्लेट अति तापण्यावरून रिकॉल झालेला आहे. समोरची गाडी त्यात असेल तर काम झाल्याची पावती मागा. टायटलवर 'साल्व्हेज' (मोठ्या नुकसानीमुळे बाद ठरलेली) किंवा 'रिबिल्ट' (तशी गाडी पुन्हा उभी केलेली) असेल तर मी घेणार नाही. वाकून सरळ केलेल्या चॅसिसवर बेसप्लेट बसवायची जोखीम कशाला? खासगी विक्रेत्याचं कर्ज बाकी असेल तर व्यवहार त्याच्या बँकेतच करा.

विम्याचंही त्याच आठवड्यात बोला. ओढताना मागच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर कुठली पॉलिसी, आणि तिचं स्वतःचं नुकसान झालं तर कुठली, हे एजंटकडून लेखी घ्या.

पायरी ७: जोडणीचं सामान

पिकअपच्या किमतीशिवाय तीन ते पाच हजार डॉलर बाजूला ठेवा. बेसप्लेट, टो बार, सेफ्टी केबल, दिव्यांचं वायरिंग, मागच्या गाडीचा ब्रेक आणि मजुरी मिळून आमच्याकडे एवढा खर्च येतो. टो बारमध्ये ब्लू ऑक्स, रोडमास्टर, डेमको ही नावं सतत ऐकू येतील. बेसप्लेट आणि बार शक्यतो एकाच कंपनीचे घ्या, म्हणजे जोडणीला अडॅप्टर लागत नाहीत. वाकड्या जागीही सुटणारा 'नॉन-बाइंडिंग' बार थोडा महाग असतो, पण तोच घ्या.

वेगळ्या ब्रेकवर मात्र कुणाशीही तडजोड करू नका. "मोटरहोमचे ब्रेक पुरतात" असं म्हणणारे भेटतील. आयझेनहॉवर बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा उतार आहे. तिथे पाच हजार पौंड मागून रेटत असताना त्यांचं म्हणणं आठवून पाहा. अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वर ओढायचं तर ब्रेक कायद्यानेच लागतो, काही ठिकाणी त्याहूनही कमी वजनाला. ड्रायव्हरच्या पायाशी ठेवायचा सुटा डबा येतो, तो पेडल दाबतो. कायमचा बसवलेला प्रकार महाग, पण रोज ठेवा-काढायचा त्रास नाही. दोन गोष्टी दोन्हींत हव्यात: गाडी सुटलीच तर आपोआप ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच, आणि मागचा ब्रेक लागला की मोटरहोमच्या डॅशबोर्डवर पेटणारा दिवा. तो दिवा नसेल तर ब्रेक अडकून घासत राहतो आणि तुम्हाला जळका वास येईपर्यंत पत्ता लागत नाही.

टायरच्या हवेचे सेन्सर पिकअपच्या चारही चाकांना लावा आणि त्याचा पडदा मोटरहोममध्ये. मागच्या गाडीचा टायर बसला तर पुढे काहीच जाणवत नाही. तो चिंध्या होईपर्यंत ओढला जातो. बॅटरीसाठी चार्जिंगची एक वायरही ओढून घ्या, नाहीतर दिवसभर ओढल्यावर संध्याकाळी पिकअप सुरूच होत नाही.

पायरी ८: पहिले दहा मैल

पहिली जोडणी मोठ्या, रिकाम्या पार्किंगमध्ये करा, दोघांनी मिळून, घाई नसताना. क्रम कागदावर लिहून पिकअपच्या सन-व्हायजरला लावा: बार, पिना, पिनांच्या क्लिपा, केबल आडव्या एकमेकींवरून, इलेक्ट्रिक वायर, ब्रेकअवेची दोरी, मग ट्रान्सफर केस न्यूट्रल, रिव्हर्स-ड्राइव्हची परीक्षा, पुस्तिकेत सांगितलेला गिअर, स्टिअरिंग मोकळं आहे ना, शेवटी हँडब्रेक सोडलेला. या क्रमाच्या मधोमध कुणी बोलायला आलं तर हसून थांबायला सांगा आणि पुन्हा पहिल्यापासून तपासा. शेजारचे प्रेमळ गप्पिष्ट लोक याच वेळी येतात आणि एक पीन राहून जाते.

मग एकाने मोटरहोम हळूहळू वळवत पुढे न्यायची, दुसऱ्याने बाजूला उभं राहून पिकअपची चारही चाकं पाहायची. चारही फिरताहेत का? वळणावर पुढची चाकं आपोआप वळताहेत का? बारचे दोन्ही दांडे 'टक्' आवाज करून लॉक झाले का? दिवे, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, तिन्ही मागून बघा.

रिव्हर्स घ्यायचा नाही. चार-पाच फुटांहून जास्त मागे नेलं की पिकअपची पुढची चाकं आडवी होतात आणि बार वाकतो किंवा स्टिअरिंगचे दांडे. पेट्रोल भरायला ट्रकच्या रांगेचे पंप निवडा. आत शिरायच्या आधी बाहेर पडायचा रस्ता डोळ्यांनी पाहा. अडकलातच तर उतरून पिकअप सोडवा, दहा मिनिटं लागतील. कॅलिफोर्नियात गेलात तर मागे काही ओढणाऱ्याला वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे, हेही सांगून ठेवते.

दहा मैलांवर जी पहिली सुरक्षित जागा येईल तिथे थांबा. पिकअपच्या प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ हाताची पाठ न्या, लगेच टेकवू नका. चारही साधारण सारखेच कोमट हवेत. एखादंच चटका देत असेल तर तिथे ब्रेक घासतोय. हुडाखाली डोकवा, पिना पुन्हा हलवून बघा. आमच्या पहिल्या फेरीत उजवं पुढचं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं. ब्रेकच्या डब्याचा दांडा पेडलला अर्धा इंच जास्तच टेकून बसला होता. तो मागे घेतला, वीस मिनिटं सावलीत थांबून चाक निवू दिलं, थर्मासमधला चहा संपवला आणि पुढच्या दहा मैलांनी पुन्हा थांबून हात लावून पाहिला. तेव्हा चारही सारखी होती.